गिलावा म्हणजे भिंत नव्हे!

संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मी पोळ्या करत होते, सासूबाई देवापाशी जप करत बसल्या होत्या आणि धाकटी बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली सतरंजी टाकून चित्र रंगवत होती. "आई, पोळीचा लाडू दे ना," म्हणत ती आत आली, आणि तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. धावत जाऊन पाहते तो काय, आठच दिवसांपूर्वी भिंतीवर बसवलेला त्रेचाळीस इंची टीव्ही सतरंजीवर पालथा पडलेला! रंगांची पेटी त्याच्याखाली चेपून गेली होती.

टीव्ही फुटल्याचे दुःख मला रात्री उशिरा आठवले. त्याआधी कितीतरी वेळ मी लेकीला पोटाशी धरून नुसती बसले होते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गवंडीकाकांना बोलावले. भिंतीवर चार भगदाडे पडली होती आणि प्लॅस्टिकच्या चारही गिट्ट्या स्क्रूसकट उपटून आल्या होत्या. काकांनी एक गिट्टी बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाले, "बाई, टीव्ही भिंतीला लावलाच न्हवता. गिलाव्याला लावला हुता. गिलावा म्हंजे भिंतीचं लुगडं. लुगड्याला कुणी वजन टांगतं व्हय?"

टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने पंधरा मिनिटांत काम उरकले होते. मीही चहा देऊन मोकळी झाले. आपण नेमके काय पाहायला हवे होते, हे मला ठाऊकच नव्हते. मैत्रिणींनो, तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर घरोघरी आलेली लाकडी शटरची जाडजूड पेटी स्वतःच्या चार पायांवर उभी असायची. आताचा त्रेचाळीस इंची टीव्ही सात ते दहा किलोच भरतो, पण त्याला पाय भिंतीचे लागतात. म्हणून भिंतीची चौकशी आधी.

भुकटीचा रंग पाहा

विटांच्या भिंतीवर साधारण अर्धा ते पाऊण इंच गिलावा असतो. जुन्या घरांत त्याहून जाडही असतो. भोक पाडताना खाली वर्तमानपत्र धरा. आधी करडी किंवा पांढरट भुकटी पडेल, ती गिलाव्याची. मग लाल भुकटी आली की वीट लागली असे समजा. ड्रिल मशीन एकदम सुळकन आत गेले आणि वाळूसारखे काही पडले, तर ते भोक दोन विटांच्या सांध्यात गेले. तिथे पकड कच्ची. ब्रॅकेटच्या पट्टीला जास्तीची भोके असतात ती याचसाठी. दुसरे भोक वापरून वीट गाठावी. शेवटपर्यंत करडीच भुकटी आली आणि मशीन कुरकुरत राहिले, तर बहुधा काँक्रीटचा पिलर आहे, तो भक्कमच. नव्या इमारतींतल्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीला मात्र वेगळ्या गिट्ट्या लागतात. आणि जुन्या वाड्यातली मातीच्या कच्च्या विटांची भिंत असेल, तर टांगण्याचा हट्टच सोडावा. टीव्ही टेबलावर ठेवून मागून बांधून घ्यावा.

भोक, गिट्टी आणि स्क्रू

गिट्टी आठ मिलिमीटरची तर भोकही आठचेच. सैल भोकात कागद किंवा काडी कोंबून काम भागवणारा कारीगर दिसला, की त्याला तिथेच थांबवा. दोन इंची गिट्टी सबंध विटेत बसली पाहिजे, म्हणजे गिलावा धरून भोक सुमारे तीन इंच खोल. ड्रिलच्या पात्याला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी लावली की अंदाज चुकत नाही. स्क्रूही त्या बेताने लांब हवा. आमच्याकडे दीड इंचाचे निघाले! भोकातली भुकटी फुंकून साफ केल्याशिवाय गिट्टी ठोकू देऊ नका. भिंत चार इंची असेल तर भोक पलीकडे निघणार नाही याकडे लक्ष द्या. लोखंडी फास्टनर काँक्रीटला उत्तम, पण जुन्या मऊ विटेत तो फुगला की वीटच तडकते.

जागा निवडताना

स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नका, वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. मागे न्हाणीघर असेल किंवा पावसाळ्यात ओल येत असेल, तर ती भिंत वगळा. भिंतीवर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलेला आहे. उंची ठरवताना आपण नेहमी जिथे बसतो तिथे बसावे आणि डोळ्यांसमोर टीव्हीचा मध्य येईल असे पाहावे. उगाच फोटोच्या उंचीवर लावला की मान दुखते.

हाताचे ब्रॅकेट

आमची दुसरी चूक ही. स्वयंपाकघरातून दिसावा म्हणून आम्ही पुढे ओढता येणारे ब्रॅकेट घेतले. भरलेली कळशी कमरेवर घेऊन आपण विहिरीवरून घरी येऊ, पण तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा भरून येईल. टीव्ही पुढे ओढला की वरच्या स्क्रूंवर तशीच ओढ बसते. आम्ही रोज दहादा ओढत होतो, आणि गिलावा रोज थोडा थोडा सुटत होता. भिंतीविषयी शंका असेल तर टीव्ही भिंतीलगत राहील असे साधे ब्रॅकेटच बरे.

टीव्ही अडकवण्याआधी नुसती पट्टी दोन्ही हातांनी खाली आणि पुढे जोर लावून ओढून पाहा. जरा जरी हलली तर टीव्ही लावू देऊ नका. पुढे दर दिवाळीच्या साफसफाईत स्क्रूभोवती चीर पडली आहे का, एवढे पाहावे.

काकांनी जागा बदलून नवा टीव्ही लावून दिला. "हे" म्हणाले, "आता हत्ती टांगला तरी पडायचा नाही." तरी मी लेकीची सतरंजी खिडकीपाशी हलवली आहे.

परवा शेजारी टीव्ही बसवायला माणूस आला. मी शाळेतून येऊन पाहते तर सासूबाई घरात नाहीत. शेजारून त्यांचा आवाज आला, "थांब रे बाळा, अजून लाल भुकटी नाही आली!"