‘थ्री नॉट थ्री’ कशी ओळखाल?

मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, सीएसटी स्थानकावरच्या पोलिसांच्या हातात जी जुनी रायफल होती, ती ‘थ्री नॉट थ्री’. मूळ नाव ली-एनफिल्ड. ब्रिटिश सैन्याने तिचं ‘मार्क ३’ हे रूप १९०७ मध्ये स्वीकारलं. दोन्ही महायुद्धांत ती भारतीय जवानांच्या खांद्यावर होती. पुढे सैन्यातून निघाली आणि पोलिसांकडे टिकली.

हिची कुंडली धातूवरच कोरलेली असते. बोल्टच्या मुठीमागे, दस्ता जिथे जोडला जातो तिथे उजव्या बाजूला बघा. वर मुकुट, त्याखाली ‘जी आर’ किंवा ‘जी आर आय’ म्हणजे राजा जॉर्ज, मग कारखाना, वर्ष आणि मॉडेल. ‘एनफिल्ड’ असेल तर इंग्लंडची, ‘लिथगो’ ऑस्ट्रेलियाची, ‘इशापूर’ किंवा ‘आर एफ आय’ असेल तर कोलकात्याजवळच्या आपल्या कारखान्याची. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. मार्क ३ पुढे तारा दिसला, तर ते पहिल्या महायुद्धात सोपं केलेलं मॉडेल.

‘७.६२ एमएम २ए१’ असा शिक्का आणि चौकोनी मॅगझिन दिसलं, तर ती थ्री नॉट थ्री नव्हे. ती इशापूरनेच १९६० च्या दशकात काढलेली तिची धाकटी बहीण.

गिरगाव-लालबागच्या जुन्या घरांत माळ्यावर एखादं काडतूस किंवा शस्त्राचा भाग सापडला, तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. थेट जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.