हेळवाकच्या वळणावरचं गाव

पावसाळ्यात साताऱ्याकडचं वर्तमानपत्र उघडलं की तीन नावं हमखास एका ओळीत भेटतात: कोयना, नवजा, महाबळेश्वर. पुढे चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि धरणातला साठा टीएमसीमध्ये. वर्षानुवर्षं हे आकडे वाचत आलो. पण त्यामागे एक गाव आहे, तिथे चार-चार महिने कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना ओल धरते, हे फार उशिरा ध्यानात आलं.

कराडहून चिपळूणला निघालं की पाटण सोडल्यावर डोंगर अंगावर येऊ लागतात. महाबळेश्वरहून दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना हेळवाकला एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या वरच्या अंगाला, देशमुखवाडीजवळ, १९५० च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं आणि ते बांधणाऱ्यांसाठी वसाहत उभी राहिली. तेच कोयनानगर. कुणाच्या वाडवडिलांनी वसवलेलं हे गाव नव्हे. कामाने माणसं आणली, माणसांनी चुली मांडल्या.

१०३ मीटर उंचीचं धरण झालं, तरी काम संपलं नाही. पूर्वेला जाणारं पाणी अडवून बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवायचं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते घाटाच्या उंचीवरून खाली सोडायचं आणि वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला द्यायचं, असा हा डाव. बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या पाण्याची दिशाच माणसाने फिरवली, हे आजही मला थक्क करतं. १९६२ साली पहिल्या टप्प्याची वीज मिळू लागली. पुढचे टप्पे होत गेले. चौथ्यासाठी १९९९ मध्ये धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाखालपर्यंत बोगदा नेला आणि उरलेला कातळ सुरुंगाने उडवून पाणी आत घेतलं. 'लेक टॅपिंग' हा शब्द मराठी घरांत पोहोचला तो तेव्हा.

या सगळ्याच्या मध्ये एक पहाट आहे. ११ डिसेंबर १९६७, ४ वाजून २१ मिनिटं. वसाहत गाढ झोपेत होती. भूकंप झाला, काही सेकंदांत दगडी भिंती पडल्या आणि बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तिकडे मुंबईची वीज गेली, कारखाने थांबले. धरणाच्या वरच्या भागाला भेगा गेल्या, पण धरण फुटलं नाही. पुढे त्याला काँक्रीटची जोड देऊन भक्कम केलं. धरणात बसवलेल्या यंत्राने त्या धक्क्याची कंपनं टिपून ठेवली. जगभरच्या अभियंत्यांनी पुढे धरणांचं गणित तपासायला तोच आलेख वापरला. धरणात पाणी साठू लागल्यावर या भागात धक्के वाढले होते. साठलेलं पाणी जमिनीला हादरवू शकतं, या शास्त्रीय चर्चेत कोयनेचं नाव आज सगळ्यात आधी घेतलं जातं.

त्या पहाटे गेलेली माणसं मात्र त्या आलेखात नाहीत. धरण पाहायला आलेला पाहुणा नेहरू उद्यानात फिरतो, सांडव्याचे सहा दरवाजे बघतो, ओझर्डे धबधब्याकडे निघून जातो. वसाहतीत कुणी थांबत नाही. थांबलात तर धक्का आला की मांडणीतली भांडी कशी किणकिणतात, ते कुणीही सांगेल. बाहेरचा माणूस दचकतो. इथला आधी भांड्यांकडे बघतो, मग छताकडे, आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतो. याला सवय म्हणावं असं मला वाटत नाही. पहाटेचा तो धक्का ज्या घरांनी सोसला, त्यांनी तो पोराबाळांच्या अंगात उतरवला आहे.

आणखी एक देणं बाकी आहे. शिवसागराखाली ज्यांची शेतं आणि घरं गेली, त्यांनी राज्याला उजेड दिला आणि स्वतः पुनर्वसनाच्या कागदांमागे फिरत राहिले. २०१८ साली श्रमिक मुक्ती दल या संघटनेच्या नेतृत्वाखाली त्यांनी ठिय्या दिला, तो इथेच, कोयनानगरला. आजोबांची जमीन गेली, त्यांची नातवंडं आंदोलनाला बसली होती.