भाकरी आणि कीटो एका ताटात बसत नाहीत

‘पोळी बंद केली, आता फक्त ज्वारीची भाकरी. कीटो चालू आहे माझं.’ हे वाक्य ऑफिसच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही कानावर येतं. सांगणारा भाकरीवर तुपाची धार जरा सढळ सोडतो आणि ऐकणारे माना डोलावतात. म्हणून एकदा स्पष्टच सांगायला हवं : भाकरी खाऊन कीटो होत नाही. ज्वारीची नाही, बाजरीची नाही आणि नाचणीचीही नाही.

हिशेब शाळकरी आहे. यकृताने चरबीपासून पुरेशी कीटोनं तयार करावीत, यासाठी दिवसभराची कर्बोदकं साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवावी लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत चोथा वगळून १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदकं आहेत, बाजरीत ६२ आणि ज्वारीत ६८ च्या आसपास. म्हणजे पोळी सोडून ज्वारीकडे वळलेल्यांची कर्बोदकं कमी झालेलीच नाहीत, झालीच तर किंचित वाढली. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तरी ३४ ग्रॅम होतात. दुपारी दोन भाकऱ्या आणि वाटीभर वरण झालं की ऐंशीच्या पुढे. साखरेचा चहा आणि रात्रीचं जेवण अजून बाकीच आहे.

यात भाकरीचा काही दोष नाही. तिच्यात चोथा आहे, खनिजं आहेत. रोजच्या जेवणात ती उत्तमच. गोंधळ आहे तो अर्धवटपणाचा. कर्बोदकं एवढी असली की शरीर नेहमीसारखं ग्लुकोजवरच चालतं, आणि ‘कीटोत चालतं’ म्हणून वाढवलेलं तूप, लोणी, चीज जेवणात नुसती भर घालतं. मोठा चमचाभर तूप म्हणजे १२० कॅलरींच्या घरात. असे तीन-चार चमचे रोज जास्तीचे गेले, तर वजन कशाने उतरणार? ना धड कीटो, ना धड साधं जेवण.

मुळात हा आहार हौसेसाठी नव्हताच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये तो अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, रुग्णांसाठी मांडला. त्याच्या मूळ पद्धतीत मुलाच्या ताटात चार ग्रॅम स्निग्ध पदार्थांमागे कर्बोदकं आणि प्रथिनं मिळून फक्त एक ग्रॅम असतात, आणि प्रत्येक घास काट्यावर तोलून दिला जातो. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांवर लंडनमध्ये चाचणी झाली. ती २००८ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी आहारगटातल्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या, दुसऱ्या गटात जेमतेम ६ टक्के मुलांच्या. एवढा कडक हिशेब असलेल्या उपचाराला आपण ‘आज कीटो, रविवारी आमरस’ करून ठेवलं आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘पहिल्याच आठवड्यात तीन किलो चरबी गेली.’ बहुतेक पाणी गेलं. शरीरातल्या साठवलेल्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. ग्लायकोजेन संपलं की तेही जातं, आणि भात सुरू झाला की परत येतं.

‘कीटो म्हणजे चिकनच चिकन.’ नाही. या आहारात स्निग्ध पदार्थ जास्त आणि प्रथिनं बेताची असतात.

‘शाकाहाऱ्यांना जमत नाही.’ जमतं, पण अवघड आहे, कारण डाळी-उसळीही हाताबाहेर जातात. उरतात पनीर, टोफू, खोबरं, मोजके बदाम-अक्रोड, मेथी, पालक, शेपू, दुधी, पडवळ, फ्लॉवर. मासे खाणाऱ्यांनी बांगडा खुशाल खावा, बिनसाखरेची सोलकढीही प्यावी. रव्यात घोळवलेली सुरमई मात्र हिशेबात धरावी.

‘उपवासाला कीटो आपोआप होतं.’ साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. रताळं आणि वरीही त्याच पंगतीतली.

‘कीटोवर भूक मरते, म्हणून वजन उतरतंच.’ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना आळीपाळीने कीटो आणि कमी चरबीचा वनस्पतिजन्य, असे दोन्ही आहार पोटभर दिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी चरबीच्या वनस्पतिजन्य आहारावर लोकांनी कीटोपेक्षा रोज सुमारे ६९० कॅलरी कमी खाल्ल्या. अभ्यास दोन-दोन आठवड्यांचाच होता, पण ‘उतरतंच’ म्हणण्याआधी तो वाचावा.

आणि शेवटचा, जिवावर बेतणारा : ‘मधुमेह आहे? मग कीटो कराच, डॉक्टरला काय विचारायचं?’ रक्तातली साखर कीटोने उतरते, हे खरं. म्हणूनच इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड घेणाऱ्याने डोस तसाच ठेवून कर्बोदकं तोडली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा ‘ग्लिफ्लोझिन’ शेपटीच्या गोळ्यांचा धोका वेगळा : साखर फारशी न वाढताच रक्तात आम्ल साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मीटरवरचा आकडा ठीक दिसतो, इकडे उलट्या आणि धाप सुरू असते. या गोळ्या आज सर्रास दिल्या जातात. तेव्हा आधी आपल्या पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा, डॉक्टरांना विचारा, मूत्रपिंड आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, आणि मगच काटा विकत घ्या. एवढं करायचं नसेल, तर भाकरी निवांत खा. फक्त तूप पूर्वीइतकंच घ्या.