आज्ञावलीची शिदोरी

वैज्ञानिक गणनेसाठी संगणकाची आज्ञावली लिहिणारा मनुष्य घातांक किंवा लॉगॅरिथम काढण्याची रीत सहसा स्वतः रचीत नाही. ही कामे आधीच लिहून ठेवलेल्या साहाय्यक आज्ञावल्यांकडून करवून घेतली जातात. त्यांच्या संचास लायब्ररी म्हणतात. ज्या संगणकावर काम चालेल तेथे असेल ती लायब्ररी वापरावयाची, की आज्ञावलीने प्रवाशाप्रमाणे आपली शिदोरी बरोबर बाळगावयाची, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो.

तो तसा नाही, हे मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांच्या अभ्यासावरून दिसून आले. त्याच प्रतिमा त्याच आज्ञावल्यांनी, परंतु लिनक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर तपासल्यास काय होते, याचे संशोधन त्रिस्तान ग्लातार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. आवृत्ती बदलली की गणिती फलनांची मूल्ये किंचित बदलत. साध्या गणनेत हा फरक जाणवत नसे. लांबलचक गणनेत मात्र तो साचत जाई. मेंदूच्या अंतर्भागांची विभागणी कितपत जुळते हे दाखविणारा गुणांक पूर्ण जुळणीस १ असतो. तो बहुतेक वेळा ०.९ च्या वर राहिला, तरी एखादे वेळी ०.५९ इतका खाली उतरला. व्यक्ती तीच, प्रतिमाही तीच! लायब्ररी आज्ञावलीतच बांधून दिली तर फरकाचे हे एक कारण दूर होते. अर्थात त्यामुळे उत्तर सगळीकडे सारखे येते. ते बरोबर असेलच असे नाही.

२००५ साली विल्यम स्टाइन यांनी सुरू केलेल्या सेज या गणिती प्रणालीने गॅप, पारी, मॅक्सिमा इत्यादी आज्ञावल्या आपल्याबरोबरच दिल्या. पुढे, संगणकावर योग्य आवृत्ती आढळल्यास तीच वापरण्याची सोयही तिने केली.

शिवाय शिदोरी शिळी होते. माहितीचा संक्षेप करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीत संगणकाच्या स्मृतीचा एकच भाग दोनदा मोकळा करण्याचा दोष होता. त्यामुळे सुरक्षितता धोक्यात येई. मार्च २००२ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. सामाईक प्रत वापरणाऱ्या आज्ञावल्यांना ती एक प्रत बदलताच दुरुस्ती मिळाली. जिने झेडलिब पोटात घेतली होती, अशी प्रत्येक आज्ञावली मात्र शोधून काढावी लागली. डेबियन या लिनक्स वितरणाच्या नियमांत अशा प्रती टाळण्यास सांगितले आहे, ते याचसाठी. वैज्ञानिक आज्ञावल्यांची अडचण आणखी निराळी आहे. त्या लिहिणारा विद्यार्थी पुष्कळदा पदवी घेऊन निघून गेलेला असतो, आणि पोटातील प्रत बदलावयास मागे कोणी उरलेले नसते.