राहुटी, वडसा आणि आबिजान

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ मध्ये मध्य प्रदेशात नवा पांढुर्णा जिल्हा झाला. त्याआधी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. बोली, पोळा, गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी भजनं जिथल्या तिथेच राहिली. आजही नागपूर इथून जेमतेम दोन तासांवर आहे, भोपाळ त्याच्या दुपटीहून लांब.

हद्दीचा फटका बसतो तो कलावंताला. महाराष्ट्रात ज्येष्ठ कलावंतांना २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मानधन मिळतं, पण ते राज्याच्या रहिवाशांनाच. महाराष्ट्रातल्या सावनेरचा ढोलकीवाला आणि इथल्या सौंसरचा ढोलकीवाला एकाच फडात वाजवत असले, तरी सरकारदरबारी दोघांचे अर्ज वेगवेगळ्या राजधान्यांकडे जातात. म्हणून इथे सरकारी योजनेइतकीच गरज आहे ती आपापसातल्या भागीदारीची.

अशी भागीदारी या मातीला नवी नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यात ‘दुय्यम’ खडी गंमत रंगते. एका बाजूला एक शाहीर, समोर दुसरा. डफ, ढोलकी आणि तुणतुण्याच्या साथीने रात्रभर सवाल-जवाब. प्रतिस्पर्धी तोलामोलाचा नसेल तर कार्यक्रम पडतो, म्हणून समोरचा शाहीर हा सहकारीही असतो. या शाहिरीतले कलगी आणि तुरा हे दोन पक्ष राजस्थानात चित्तोडकडेही आहेत. या पक्षांचे प्रवर्तक मानले जाणारे तुकनगीर आणि शाहअली यांना तुरा आणि कलगी बहाल झाली ती चंदेरीच्या दरबारात, असं परंपरा सांगते, आणि चंदेरी आहे मध्य प्रदेशात.

धंद्याची घडी कशी बसते, हे पाहायचं तर नारायणगावला जावं. पुणे जिल्ह्यातल्या या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, फडमालकासमोर बसतात, तारीख आणि रक्कम ठरवतात आणि इसार देऊन उठतात. मधे ना कचेरी, ना मोठा दलाल.

पूर्व विदर्भात हेच काम वडसा करतं. देसाईगंज या नावानेही ओळखलं जाणारं हे गडचिरोली जिल्ह्यातलं गाव झाडीपट्टी रंगभूमीची पेठ आहे. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथेच. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, कंपनीला रक्कम देतं, मग मांडव घालून स्वतः तिकिटं विकतं. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जमलेली गर्दी रात्री नाटकाला बसते, ती पहाटेच उठते. नट, लेखक, ऑर्गनवाला, पडदे आणि दिवे पुरवणारा, गावातला चहावाला अशा सगळ्यांचं पोट या एका रात्रीवर चालतं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

हद्दीपलीकडच्या भागीदारीची हीच गरज आफ्रिकेने खंडाच्या पातळीवर ओळखली. युरोपीय सत्तांनी आखलेल्या हद्दींमुळे शेजारच्या देशांतल्या कलावंतांची राज्यभाषा वेगळी, चलन वेगळं, व्हिसा वेगळा. अनेकांना शेजारच्या देशापेक्षा पॅरिस किंवा लंडन गाठणं सोपं जायचं. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरात १९९३ पासून ‘मासा’ हा रंगकलांचा बाजार भरू लागला. तिथे नाटक, नृत्य आणि संगीताचे संच आपली कला दाखवतात, तर महोत्सवांचे आयोजक त्यांना पाहून पुढचे दौरे ठरवतात. देशातल्या यादवीच्या काळात त्यात खंड पडला, पण बाजार पुन्हा उभा राहिला. बुर्किना फासोच्या वागाडुगूमध्ये १९६९ पासून चालणाऱ्या ‘फेस्पाको’ चित्रपट महोत्सवाने आफ्रिकी दिग्दर्शकांना असंच एकत्र आणलं.

पांढुर्णा-सौंसरला असा दुवा शोधायला फार लांब जावं लागत नाही. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या सदस्य राज्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही आहेत. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राला राज्यांच्या हद्दी आड येत नाहीत. भोपाळमध्ये मध्य प्रदेश शासनाची मराठी साहित्य अकादमीही आहे.

या दोन संस्थांनी मिळून पांढुर्ण्यात किंवा सौंसरला वर्षातून दोन दिवसांचा मेळ भरवावा. पहिल्या दिवशी भजनी मंडळं, दंडार आणि खडी गंमतीच्या संचांनी अर्धा-अर्धा तास सादर करावं. दुसऱ्या दिवशी वडशाचे कंपनीमालक, सावनेर-काटोलकडची जत्रा मंडळं आणि नागपूरचे आयोजक यांच्याशी समोरासमोर तारखा ठरवाव्यात, प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय कुणी करायची हे कागदावर लिहावं. झाडीपट्टीचा मोसम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्यामुळे मेळ पोळ्यानंतर आणि दसऱ्याच्या आत झाला, तर त्याच हिवाळ्यात सौंसरचा संच हद्दीपलीकडच्या मांडवात उभा राहू शकेल आणि इसार हाती आल्यावर वाद्यांची डागडुजीही वेळेत होईल.