गरोदरपणात मिसरी नको



पिकावरील मावा मारण्यासाठी तंबाखूचा काढा फवारण्याची जुनी पद्धत आपणांस ठाऊक आहे. मावा मरतो तो तंबाखूतील निकोटिन या विषामुळे. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापरास तर आपल्या देशात बंदी आहे. मात्र तेच निकोटिन मिसरीच्या रूपाने घरातील गरोदर लेकी-सुनांच्या शरीरात रोज जात असते. आपल्याकडील स्त्रिया विडी-सिगारेट क्वचितच ओढतात. म्हणून गरोदरपणातील तंबाखूचा धोका आपल्याला नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

बाळावर परिणाम कसा होतो?

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून मिसरी (मशेरी) तयार करतात. भाजल्याने त्यातील निकोटिन संपत नाही; उलट कर्करोगास कारणीभूत ठरणारी द्रव्ये त्यात वाढतात. मिसरी थुंकून टाकली तरी निकोटिन हिरड्यांतून रक्तात मिसळते व वारेतून बाळापर्यंत पोहोचते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला रक्तपुरवठा कमी पडतो. दाणे भरण्याच्या वेळी ज्वारीला पाण्याचा ताण बसला की कणीस बारीक राहते, तसेच येथे घडते. शिवाय तंबाखूने भूक मरते व आईचेही पोषण होत नाही.

पाहणीतील निष्कर्ष

मुंबईत १२१७ स्त्रियांच्या गरोदरपणाचा अभ्यास करण्यात आला व तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मिसरीच लावीत. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी सहा दिवस अगोदर झाली. याच अभ्यासाच्या २००६ मधील अहवालात मूल मृत जन्मण्याचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल लवकर आजारी पडते, हेही ध्यानात घ्यावे.

मिसरी कशी सोडावी?

१) दिवस राहिल्याचे कळताच मिसरी, तंबाखू, तपकीर पूर्ण बंद करावी. उशिरा सोडली तरी फायदा होतोच.

२) दात घासण्यासाठी साधी टूथपेस्ट किंवा कडुनिंबाची काडी वापरावी.

३) सुरुवातीस डोके दुखणे, चिडचिड, शौचास न होणे असा त्रास होतो. तो काही आठवड्यांत कमी होतो. भरपूर पाणी प्यावे, पालेभाज्या व फळे खावीत. तलफ आल्यास बडीशेप चघळावी.

४) निकोटिनचा च्युइंगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

५) आशाताई, परिचारिका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सवयीबद्दल मोकळेपणाने सांगावे. १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवरही सल्ला मिळतो.

घरच्यांची जबाबदारी

सासू व जावा रोज सकाळी मिसरी लावीत असतील, तर एकट्या सुनेला ती सोडणे अवघड जाते. म्हणून निदान तिच्यासमोर तरी डबी काढू नये. पुरुषांनी घरात विडी ओढू नये; त्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूमुळे आईच्या रक्तातील प्राणवायू कमी होतो. बाजारातून मिसरीसाठी तंबाखू आणून देणारे बहुधा आपणच असतो. येत्या बाजारापासून ती आणणे बंद करावे. पेरणीपूर्वी बियाण्याची काळजी घेणाऱ्या शेतकऱ्याने घरातील या कोवळ्या अंकुराचीही तेवढीच काळजी घ्यावी.