अप्पा बळवंत चौक: पॅटर्नवर चालणारी बाजारपेठ

शनिवारवाड्याकडून बाजीराव रस्त्याने दक्षिणेला निघाले, की काही मिनिटांत अप्पा बळवंत चौक लागतो. पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक. त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत कामी आले. आज मात्र महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हा चौक ओळखीचा आहे तो वह्या-पुस्तकांसाठी, आणि त्यांच्या तोंडी त्याचे नाव ‘एबीसी’ असे आहे. आसपास जुन्या शाळा आणि ग्रंथालये आहेत. 1883 साली सुरू झालेले नूतन मराठी विद्यालय याच परिसरात आहे, आणि 1848 सालचे पुणे नगर वाचन मंदिरही जवळच आहे. 1949 साली पुणे विद्यापीठ (आजचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) स्थापन झाले आणि पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना एक अभ्यासक्रम मिळाला. त्या अभ्यासक्रमाची पुस्तके एका ठिकाणी मिळण्याची सोय या चौकाने केली.

बाजाराचा हंगाम जूनमध्ये शाळांपासून सुरू होतो. पदवीचे वर्ग जुलैच्या सुमारास भरू लागतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिल्या वर्षाची गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत जाते. त्या दिवसांत वाहन घेऊन चौकात येण्यापेक्षा चालत येणे शहाणपणाचे.

इथली बहुतेक दुकाने काउंटरवरची आहेत. पुस्तके चाळत फिरायला जागा नसते. समोरचा माणूस आधी तीन गोष्टी विचारतो: कुठले वर्ष, कुठली शाखा, कुठला पॅटर्न. ‘एसई कॉम्प, सेम थ्री, 2024 पॅटर्न’ एवढे उत्तर मिळाले, की तो आतल्या पोराला हाक देतो. माळ्यावरून पाच-सहा पुस्तकांचा गठ्ठा खाली येतो, मागच्या बाजूला किंमत पाहिली जाते, कॅल्क्युलेटरवर सवलत वजा होते आणि सुतळी बांधून गठ्ठा हातात येतो. विषयाचे नाव अर्धवट सांगितले तरी चालते, पॅटर्न चुकला तर मात्र सगळा गठ्ठा निरुपयोगी ठरतो.

पॅटर्न म्हणजे अभ्यासक्रमाची आवृत्ती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत 2008, 2012, 2015, 2019 आणि 2024 असे पॅटर्न आले. तंत्रनिकेतनांत त्यालाच ‘स्कीम’ म्हणतात. ‘आय’ स्कीमनंतर ‘के’ स्कीम आली. नवा पॅटर्न पहिल्या वर्षापासून एकेक वर्ष वर सरकतो. म्हणून काही काळ एकाच दुकानात पहिल्या वर्षासाठी नवी आणि शेवटच्या वर्षासाठी जुनी पुस्तके शेजारी शेजारी असतात. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांतही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 पासून विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत पदवीची रचना बदलली आणि विषयांची नावे, श्रेयांक, पुस्तके सगळेच नव्याने लावावे लागले.

या बाजारात दोन जातींची पुस्तके मिळतात आणि त्यांतला फरक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोणी नीट समजावून सांगत नाही. पहिली जात स्थानिक प्रकाशकांची. निराली, टेक्निकल, टेकमॅक्स अशा प्रकाशनांची पुस्तके विद्यापीठाच्या युनिटप्रमाणेच प्रकरणे पाडतात आणि मागच्या परीक्षांचे प्रश्न गुणांसह छापतात. नवा अभ्यासक्रम जाहीर झाला की थोड्याच काळात ती तयार होतात. दुसरी जात संदर्भग्रंथांची: गणिताला बी. एस. ग्रेवाल, अभियांत्रिकी चित्रकलेला गुजरातेतल्या आणंदच्या चरोतर प्रकाशनाचे एन. डी. भट्ट, वैद्यकाच्या शरीररचनेला बी. डी. चौरसिया. ही पुस्तके कुठल्याही एका विद्यापीठासाठी लिहिलेली नसतात, म्हणून पॅटर्न बदलला तरी ती टिकतात. स्थानिक पुस्तकाला नावे ठेवणे सोपे आहे, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी अभ्यासक्रमाची पहिली वाट तेच दाखवते, हे मान्य करायला हवे. त्यावरच पदवी पूर्ण केली, तर मात्र विषय अर्धाच कळतो. प्रत्येक मुख्य विषयाचा एक संदर्भग्रंथ जवळ असणे आवश्यक आहे. तो जुना घेतला तरी चालेल.

जुन्या पुस्तकांचा व्यवहार हा या चौकाचा खरा आधार आहे. वर्ष संपले की विद्यार्थी पुस्तके परत आणतात. दुकानदार पाने फाटली आहेत का, पेनाच्या खुणा किती आहेत आणि मुख्य म्हणजे पॅटर्न चालू आहे का, एवढे पाहतो. वापरलेले पुस्तक साधारण छापील किमतीच्या निम्म्याने पुढच्याला मिळते. पॅटर्न बदलणार असल्याची कुणकुण लागली की तेच पुस्तक कोणी घेत नाही. कायद्याच्या शाखेत हे अगदी ठळकपणे दिसले. 1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले, आणि त्या विषयांची जुनी पुस्तके एका दिवसात मागे पडली. वाणिज्य शाखेत प्राप्तिकराचे पुस्तक तर दर वर्षीच्या अर्थसंकल्पाबरोबर शिळे होते, आणि 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा 2025 च्या नव्या कायद्याने घेतली. अशा विषयांत जुने पुस्तक घेऊन पैसे वाचत नाहीत.

स्टेशनरीचे जग याच चौकात, पण वेगळ्या दुकानांत आहे. 200 पानी वही म्हणजे 100 कागद. बाजारातल्या सर्वसाधारण वह्यांचा कागद 50 ते 60 जीएसएमचा असतो. तो त्याहून पातळ असेल तर जेल पेनाची शाई मागच्या पानावर उमटते. पान उजेडाकडे धरले की कागद लगेच समजतो. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला जर्नल लागते: डावीकडे आकृत्यांसाठी कोरे पान, उजवीकडे आखलेले, सुरुवातीला अनुक्रमणिका आणि प्रमाणपत्राचे पान. त्या पानावर प्राध्यापकांची सही झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, म्हणून जर्नल महाविद्यालयाने सांगितलेल्या नमुन्याचेच घ्यावे.

पहिल्या वर्षाच्या अभियांत्रिकीची सर्वांत नाजूक खरेदी मिनी ड्राफ्टरची. ड्रॉइंग बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला तो चिमट्याने बसतो. दांड्यांचे दोन समांतरभुज चौकोन एका चकतीला जोडलेले असतात, आणि त्यांच्या टोकाला काटकोनात दोन पट्ट्या. चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू नेहमी समांतर राहतात. त्यामुळे पट्टी कागदावर कुठेही नेली तरी तिची दिशा बदलत नाही. सांध्यांतले रिव्हेट सैल असले की ही समांतरता जाते आणि महागडा ड्राफ्टरही साध्या पट्टीपेक्षा वाईट ठरतो. घेताना तो काउंटरवरच्या बोर्डाला लावून घ्यावा, कागदाच्या वर आणि खाली एकेक आडवी रेघ मारावी आणि दोन्ही टोकांशी त्यांतले अंतर मोजावे. दुकानदार हे करू देतात. वरच्या वर्गातल्यांकडून जुना घेतला तरी हीच परीक्षा करावी.

पेन्सिली, रंग आणि कंपासपेट्यांच्या फळीवर कॅम्लिनचे नाव हमखास दिसते. 1931 साली दिगंबर आणि गोविंद परशुराम दांडेकर या बंधूंनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाई करायला घेतली आणि तिथून ही मराठी कंपनी उभी राहिली. 2011 पासून तिची सूत्रे जपानच्या कोकुयोकडे आहेत. कराचे म्हणाल, तर छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, प्रयोगवह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांवरचा करही शून्य झाला. कंपासपेटीवर तो 12 वरून 5 टक्क्यांवर आला.

उरते ते झेरॉक्सच्या दुकानात भागते: मागच्या प्रश्नपत्रिका, प्राध्यापकांच्या नोट्स, ग्रंथातले एखादे प्रकरण. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर मोठ्या विदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्याच्या ओघात, अभ्यासक्रमासाठी केलेल्या प्रतींना कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे, असा निर्णय दिला. पूर्ण पुस्तकाची चोरटी छपाई करून विकणे मात्र गुन्हाच आहे, आणि फुसफुशीत कागद, पुसट आकृत्या यांवरून ती प्रत ओळखूही येते.

नव्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात फक्त वह्या आणि जर्नले घ्यावीत. प्राध्यापकांची यादी हाती आली की महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून अनामत भरून काय मिळते ते पाहावे, आणि मगच चौकात यावे. वर्ष संपले की पुस्तके घरात पडू देऊ नयेत. पॅटर्न चालू आहे तोवर ती परत द्यावीत, म्हणजे पुढच्या मुलालाही ती निम्म्या किमतीत मिळतील.